डाव्या हाताचा आशीर्वाद

आमच्या घरी नरक फ्रीजच्या बाजूला असायचा आणि स्वर्ग खिडकीच्या. बहारीनमध्ये, मनामाच्या जुन्या बाजारामागे आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे शुक्रवारच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, तिथे यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, स्लाइड शो व्हायचा. मधल्या दाराला पांढरी चादर टाचायची, दिवे घालवायचे, की चादरीवर विलायतेतल्या एका खेड्यातल्या चर्चची भिंत उमटायची. मधोमध येशू बसलेला, एका बाजूला पुण्यवान माणसं रांगेने वर चाललेली, दुसऱ्या बाजूला भुतं पापी माणसांना साखळीने बांधून ओढत नेताहेत. त्यातलं एक पोटसुटं भूत नेमकं आमच्या फ्रीजच्या दांडीजवळ यायचं. मुलगी तेव्हा पहिली-दुसरीत होती. ती त्या भुताला घाबरून माझ्या पदरात तोंड लपवायची आणि शो संपेपर्यंत बाहेर काढायची नाही.

आम्ही पुण्याहून बहारीनला आलो ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीला. हे एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात इंजिनिअर होते. दिवसभर पाइपलाइनींचे नकाशे तपासायचे आणि वरच्या गोऱ्या साहेबाकडे सहीला पाठवायचे. नकाशात चूक निघाली तर साहेब यांना केबिनमध्ये बोलवायचा. नकाशा बरोबर असला तर कुणीच काही बोलायचं नाही. आमच्या ओळखीतले बाकीचे लोक पगार झाला की बाजारात जाऊन बांगड्या, टू-इन-वन, जपानी साड्या घ्यायचे. आमच्याकडे मात्र युरोपातलं मध्ययुग साठत गेलं. कुणी नवीन माणूस घर बघायला आला की बायका कपाटातलं सोनं दाखवतात, आणि आमचे हे शेल्फावरची जाडजूड इंग्रजी पुस्तकं काढून बसायचे. मी आतून चहा घेऊन येईपर्यंत त्या माणसाचा चेहरा पडलेला असायचा.

या वेडाचं मूळ म्हणजे यांच्या ऑफिसातला एक म्हातारा गोरा सर्व्हेअर. त्याच्या गावच्या चर्चची भिंत ओल आल्यामुळे खरवडायला घेतली, तर चुन्याच्या थरांखाली रंग दिसला. मग जाणकार लोक आले, त्यांनी बारीक सुऱ्यांनी पोपडा पोपडा काढत नेला, आणि हळूहळू भिंतभर शेवटच्या न्यायाचं चित्र बाहेर आलं. ते कुणा अनामिक गावठी चिताऱ्याने शेकडो वर्षांपूर्वी काढलेलं होतं. पुढे धर्मातल्या भांडणांत देवळातली चित्रं नकोशी झाली, तेव्हा त्यावर चुना फासला, आणि त्या चुन्यानेच ते जपून ठेवलं. सर्व्हेअर रजेवरून परत आला की भिंतीचा आणखी किती भाग उघडला हे यांना सांगायचा. नोकरी संपवून तो कायमचा घरी गेला, तेव्हा जाताना त्याने यांना स्लाइडांचा एक डबा दिला. ऑफिसात इतके गोरे असताना त्याने तो यांना दिला, याचा यांना केवढा अभिमान. या चित्राचे फोटो अजून कुठल्याही पुस्तकात आलेले नाहीत, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

मला त्या गुरुवारच्या संध्याकाळी नकोशा व्हायच्या. खरं सांगायचं तर लाज वाटायची. लोक यायचे ते माझ्या बटाटेवड्यांसाठी. बँकेतले, हिशेबनीस, एखादं नवीन लग्न झालेलं जोडपं. त्यांना वाटायचं, चादर लावली आहे म्हणजे काहीतरी बघण्यासारखं असेल. आणि हे हातात पट्टी घेऊन सुरू करायचे: हा देवदूत, याच्या हातात तराजू, यात आत्मे तोलतात. ही बाई बघा, हिच्या हातात दारूचा चंबू आहे; ही मापात मारायची, म्हणून भुताने हिला खांद्यावर टाकून नरकात नेली. चिताऱ्याने ही बाई गावातलीच कुणीतरी बघून काढली असणार, असं म्हणून हे एकटेच हसायचे. एकदा एक हिशेबनीस म्हणाले की आमच्या गावच्या जत्रेत यमपुरीचं चित्र मिळायचं, त्यात हे सगळं होतं आणि शिवाय उकळतं तेलही होतं. सगळे मोकळेपणी हसले. मीही हसले, जरा जास्तच. हे मात्र हसले नाहीत. ते गंभीरपणे म्हणाले, अगदी बरोबर, हाच मुद्दा आहे, आणि आणखी बराच वेळ बोलले.

शोची व्यवस्था यांनी इंजिनिअरच्या डोक्याने केली होती. बाहेरची खोली एवढीशी, त्यात माणसं बसली की मशीन ठेवायला जागा उरायची नाही, आणि ठेवलंच तर मुलं मध्ये हात घालून सावल्या करायची. म्हणून मशीन आतल्या खोलीत, पलंगावर, दोन उशांवर फळी ठेवून. मधल्या दाराला चादर. मशीनचा उजेड आतून चादरीवर पडायचा आणि आम्ही बाहेरच्या खोलीत चटईवर बसून बघायचो. स्लाइडा घालायचं काम माझं: चादरीची सुटी कड उचलून आत जायचं, स्लाइड घालायची आणि परत चटईवर येऊन बसायचं. स्लाइड कशी घालायची ते सर्व्हेअरने कागदावर लिहून दिलं होतं. ठिपक्याचा कोपरा कुठे यायला हवा, तेही. मी त्याप्रमाणे तंतोतंत घालायची. यांनी पट्टी आपटली की आत जाऊन पुढची.

एका गुरुवारी खालच्या मजल्यावरच्या सिस्टर पहिल्यांदाच आल्या. त्या वसईच्या, इथल्या हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळायच्या, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. वयाने आमच्याहून मोठ्या, बोलायला रोखठोक. येशूची मुख्य स्लाइड आली तशी त्यांनी छातीवर क्रूस केला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "भाऊ, हे चित्र चुकलंय. आमच्यात चांगली माणसं देवाच्या उजव्या हाताला असतात. डावीकडे पापी. लहानपणापासून शिकलोय आम्ही ते."

हे पट्टी खाली घेऊन चादरीच्या अगदी जवळ गेले. मग हे म्हणाले, "म्हणजे यात पुण्यवान माणसं देवाच्या डावीकडे आहेत?"

"तेच तर म्हणते. आणि आशीर्वादाचा हात बघा. तोही डावाच वर केलाय. डाव्या हाताने कुणी आशीर्वाद देतं का?"

त्या दिवशी पाहुण्यांना वडे थंडच मिळाले, कारण हे मला ओट्याकडे जाऊच देईनात. तीच स्लाइड परत, तीच परत. सगळे गेल्यावर यांनी पुस्तकं जमिनीवर पसरली. ज्या ज्या चर्चमधलं शेवटच्या न्यायाचं चित्र पुस्तकात होतं, त्या सगळ्यांत सिस्टरांचं बरोबर होतं. पुण्यवान उजवीकडे, आशीर्वाद उजव्या हाताचा. फक्त आमच्या भिंतीवर उलट. आणि हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं, कारण भिंत नुकती उघडली होती आणि तिच्यावर कुणी लिहिलेलंच नव्हतं. मी यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. लग्नातही नाही.

पुढची दोन-तीन वर्षं आमच्या घरात डावी बाजू हाच विषय होता. हे म्हणायचे, त्या लोकांना याचा अर्थ लागणार नाही, आपल्याला लागतो. आपल्याकडे देवी देवाच्या डाव्या बाजूला उभी असते. डावी बाजू काळजाची. त्या चिताऱ्याला म्हणायचं आहे की देव माणसाला तारतो तो हिशेबाच्या हाताने नाही, मायेच्या हाताने. मी पोळ्या लाटत असायची आणि हे ओट्याजवळ उभे राहून डाव्या हाताने मला आशीर्वाद देऊन दाखवायचे. मी म्हणायची, माझ्या पिठात केस पडेल, बाजूला व्हा. पण एक सांगते, ते बोलायचे तेव्हा मला क्षणभर ते पटायचं. नकाशे तपासणाऱ्या माणसाला असं काही सुचलं, याचं कौतुकही वाटायचं. फक्त ते त्यांनी दुसऱ्यांसमोर बोलू नये, एवढीच माझी इच्छा होती.

त्यांची इच्छा नेमकी याच्या उलट होती. त्यांनी ती मला एकदा सरळ सांगितली. इतकी वर्षं साहेब लोकांत काम करतो, त्यांनी आपलं काही ऐकलंय ते फक्त चूक कबूल करताना. एकदा तरी त्यांच्याच गोष्टीबद्दल, त्यांना माहीत नसलेलं काहीतरी आपण बोलावं आणि त्यांनी ऐकून घ्यावं.

आणि तशी वेळ आली. ऐंशीनंतरची गोष्ट. मनामातल्या एका मोठ्या हॉटेलच्या हॉलमध्ये युरोपातल्या जुन्या चर्चमध्ये नव्याने सापडलेल्या भित्तिचित्रांच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार, आणि त्या चित्रांवर काम केलेल्या एक विदुषी येऊन बोलणार, अशी बातमी यांनी पेपरात वाचली. खाली चर्चची नावं होती. त्यात आपल्या सर्व्हेअरचं गाव. यांनी पेपर घडी करून खिशात घातला आणि दिवसभर खिशातच ठेवला. विदुषींच्या भाषणानंतर प्रश्न विचारता येणार होते. हे प्रश्न पाठ करायला लागले. आरशासमोर, गाडीत, आंघोळ करताना. प्रश्न असा नव्हताच तो, भाषणच होतं, आणि शेवटी फक्त एक "हो ना?" जोडलेला. आमच्या सगळ्या गुरुवारच्या मंडळींना यांनी आग्रहाने बोलावलं. हिशेबनीस म्हणाले, इंशाल्ला येतो. मी मनात म्हटलं, न आलेत तर बरं.

पण आले सगळे. बायका ठेवणीतल्या साड्यांत, पुरुष सफारीत. मीही नारायणपेठी नेसले, गजरा मिळाला नाही म्हणून खड्यांची पिन लावली. मुलीला शेजारच्यांकडे ठेवलं. हॉटेलच्या दाराशी यांनी मला उतरवलं आणि म्हणाले, गाडी लावून येतो, तू मागे बायकांत बस. मी पुढे असेन.

हॉलमध्ये शिरल्यावर मी एकटीच फोटो बघत फिरले. आणि काय सांगू, मला ते आवडले. खांद्यावर पोर घेऊन नदी ओलांडणारा एक आडदांड माणूस होता, तो मला थेट वसुदेव वाटला. चुना काढण्याआधीची पांढरी भिंत आणि काढल्यानंतरची लाल-पिवळी भिंत असे जोडीजोडीने फोटो लावले होते. इतकी वर्षं त्या देशातल्या लोकांना वाटायचं की आपल्या पूर्वजांची देवळं अशीच करड्या दगडांची, उघडीवाघडी होती. खरं तर ती आतून गच्च रंगवलेली होती. खाली तसं लिहिलंच होतं. मला वाटलं, यांचं वेड अगदीच काही वेड नाही.

शेवटच्या भिंतीवर, हॉलच्या पार मागे, बायकांच्या खुर्च्यांच्या वर, आमचं चित्र होतं. भिंतीएवढं मोठं केलेलं. मी लगेच ओळखलं आणि लगेच काहीतरी खटकलं. पोटसुटं भूत चुकीच्या ठिकाणी होतं. ते डावीकडे, फ्रीजपाशी असायचं. इथे ते उजवीकडे होतं. दारूवाली बाई पण उजवीकडे. आमच्या घरी खिडकीकडून वर चढणारी पुण्यवान माणसं इथे डाव्या कडेने चढत होती. पहिल्यांदा वाटलं, फोटोच उलटा छापलाय. पण मग येशूकडे बघितलं. त्याने वर केलेला हात उजवा होता. त्याच्या उजव्या हाताला चांगली माणसं, डाव्या हाताला पापी. सिस्टरांनी सांगितलं होतं तसं.

मला भरतकामाची सवय आहे, म्हणून असेल, मला ते समजायला वेळ लागला नाही. रुमालावरचा पोपट मागून बघितला की त्याची चोच दुसरीकडे होते. मशीन आत, आम्ही बाहेर. मध्ये चादर. आम्ही सगळे इतकी वर्षं ते चित्र मागून बघत होतो. ऑफिसात कुणी ट्रेसिंगचा कागद उलटा धरला तर हे खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ओरडायचे, पण नकाशाच्या कोपऱ्यात अक्षरं असतात आणि ती उलटी दिसतात. त्या भिंतीवर एक अक्षर नव्हतं. आणि स्लाइडा घालणारी मी होते. ठिपका बघून, तंतोतंत.

मी दाराकडे बघत राहिले, पण हे पुढच्या बाजूच्या दाराने आत आले होते. साहेबाने यांना हाक मारून पहिल्या रांगेत आपल्या शेजारी बसवलं होतं. आजवर साहेबाने असं कधी केलं नव्हतं. यांची मान ताठ, केस चापून बसवलेले, हात मांडीवर. मागे वळून बघायचं नाव नाही. दिवे मंद झाले आणि भाषण सुरू झालं.

विदुषी उंच, पांढऱ्या केसांच्या, छान बोलत होत्या. ओला गिलावा आणि सुका गिलावा यांतला फरक, गावातलीच माती भाजून केलेला तांबडा रंग, कोळशाचा काळा. पडद्यावर तुकडे येत होते: एक हात, एक डोळा, चंबूवाली बाई. बाई आली तेव्हा यांनी साहेबाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि साहेबाने मान डोलावली. पूर्ण चित्र दाखवायचं त्यांना कारण नव्हतं. ते मागे भिंतीवर आहे, चहाच्या वेळी सावकाश बघा, म्हणाल्या. मला काही ऐकू येत नव्हतं. डोक्यात एकच: यांना थांबवायचं.

शेवटी मी उठले. पदर खोचला आणि कडेकडेने वाकून पुढे निघाले. रेशमी साडीचा एवढा आवाज होतो हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. पहिल्या रांगेपाशी जायला पडद्यासमोरून जावं लागलं, आणि एका संताच्या चेहऱ्यावर माझ्या अंबाड्याची सावली पडली, पिनेसकट. लोक हसले. मी यांच्या खुर्चीशी जवळजवळ बसलेच आणि म्हणाले, "अहो, तो प्रश्न विचारू नका. आपण चादरीच्या मागून बघत होतो. चित्र उलट आहे. मागे वळून बघा एकदा."

साहेबाच्या बायकोने पाय आत घेतले. यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. समोर बघतच, ओठ न हलवता म्हणाले, "घरी बोलू. जा, बस जाऊन."

मी परत तशीच वाकून मागे आले. पुन्हा सावली, पुन्हा हसू. सिस्टर माझ्या शेजारी येऊन बसल्या होत्या. त्यांनी वरच्या चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि माझा हात धरून ठेवला. त्यांनाही कळलं होतं.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा सगळ्यांत आधी हेच उभे राहिले. इंग्रजी यांचं चांगलं, पण ऑफिसचं; प्रत्येक वाक्य पत्राच्या सुरुवातीसारखं. आपल्या सर्व्हेअर मित्राबद्दल बोलले. स्लाइडांबद्दल. मग आवाज चढवून म्हणाले की या चित्रात एक गोष्ट आहे जी आजवर कुणी नोंदवलेली नाही, आणि ती भारतीय माणसाच्या नजरेतून पाहिली तरच तिचा अर्थ लागतो. विदुषींनी चष्मा काढून हातात घेतला. सगळे खरोखर ऐकत होते. त्या दोन मिनिटांत यांना हवं होतं ते सगळं मिळालं असणार. देवाची डावी बाजू, काळजाची बाजू, देवीची जागा, डाव्या हाताचा आशीर्वाद, सगळं पाठ केल्याप्रमाणे आलं. आमचे लोक खुर्च्यांत सावरून बसले. हिशेबनिसांच्या तोंडावर पहिल्यांदाच आदर दिसला. मला वाटत होतं की हॉटेलची लाइट जावी, फायर अलार्म वाजावा, काहीही व्हावं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मग हे म्हणाले, आपण स्वतःच पाहा, आणि मागच्या भिंतीकडे बोट करून वळले. त्यांच्याबरोबर अख्खा हॉल वळला. साहेब, त्याची बायको, विदुषी, आमची सगळी मंडळी. शंभरेक तोंडं आमच्या दिशेने. मी त्या चित्राच्या बरोबर खाली बसले होते. मी मान खाली घातली आणि माझ्या साडीचे काठ बघत राहिले. खूप वेळाने पाहिलं तर यांचा हात अजून वर होता. पुण्यवानांकडे म्हणून त्यांनी दाखवलेलं बोट पोटसुट्या भुताकडे रोखलेलं होतं.

विदुषींनी फार सौम्यपणे विचारलं, तुम्ही पाहिलेल्या स्लाइडा उलट्या लागल्या असतील का? आणि मग वातावरण हलकं करायला हसून म्हणाल्या की हे चित्र भिंतीच्या आतून बघणारे तुम्ही पहिलेच. गोरे लोक हसले. वाईट हसले नाहीत ते, पार्टीत हसतात तसंच. पण साहेब हसला आणि त्याने यांच्या दंडावर थोपटलं, ते मला दिसलं. हे म्हणाले, थँक यू मॅडम, आणि बसले.

तेवढ्यात आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, बाई खूश होऊन हसली. एकाने सुरू केल्या, मग सगळ्यांनी, जोरजोरात. गोरे लोक थांबून बघायला लागले की हे कशासाठी. सिस्टर माझ्या कानाशी म्हणाल्या, "अरे देवा, यांना कुणी थांबवा गं." पण कुणी थांबवलं नाही. खूप वेळ वाजल्या त्या टाळ्या.

चहाच्या वेळी आमची मंडळी यांच्याभोवती जमली. मस्त बोललात, साहेबाला गप्प केलंत, आपल्या देवीचं नाव काढलंत. हिशेबनिसांनी चक्क हात हातात घेतला. हे प्रत्येकाला थँक यू म्हणत होते. विदुषी एकदा आमच्या बाजूला येऊ लागल्या, बहुधा दोन चांगले शब्द बोलायला, पण एवढा घोळका बघून थांबल्या आणि दुसरीकडे वळल्या. हातात कप घेऊन हे उभे होते आणि त्यांनी चहा प्यायलाच नाही. मागच्या भिंतीकडे त्यांनी पाठ केली होती. ज्या चित्रासाठी इतकी वर्षं घालवली, ते एवढं मोठं, एवढं जवळ होतं, आणि ते बघायला गेले नाहीत.

गाडीत बसल्यावर यांनी एसी लावला आणि काच खालीही केली. घराकडे वळायचं सोडून शहराबाहेर सनद गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागले. मी विचारलं नाही कुठे चाललोय. शुक्रवारची संध्याकाळ, रस्ता रिकामाच होता. मला यांचा राग येत होता, कीव येत होती, पण सगळ्यांवर होती ती लाज. आज बिल्डिंगमध्ये कुणाकुणाला कळेल, उद्या ऑफिसात साहेब हा किस्सा कुणाकुणाला सांगेल. हे सगळं टळलं असतं. मी गेले होते ना सांगायला.

"मागे वळून बघा म्हणाले होते मी," मी शेवटी म्हटलं. "ऐकू नाही आलं का तुम्हांला?"

"आलं."

"मग?"

त्यांनी काच वर केली. मग रस्त्याकडे बघतच म्हणाले, "सगळं स्पष्ट ऐकू आलं. पण तू पडद्यासमोरून अशी वाकून आलीस, लोक हसायला लागले, शेजारी साहेब. मला एवढंच वाटत होतं की ही इथून लवकर जावी. लाज वाटली गं मला तुझी. म्हणून तू काय सांगतेस त्याचा विचारच केला नाही."

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. इतकी वर्षं लाज वाटायचं काम या घरात माझ्याकडे आहे असं मी धरून चालले होते. त्यांनाही कधी माझी वाटत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी बाहेर बघत बसले. मग, का कोण जाणे, त्यांना दुखवायचं म्हणूनच असेल, मी म्हणाले, "मलाही वाटली तुमची."

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी वळलो ना, तेव्हा चित्र नंतर दिसलं. आधी तू दिसलीस, मान खाली घालून बसलेली. माझं चुकलंय हे मला त्यावरूनच कळलं."